शुक्रवारचा हिरवा, रविवारचा नारंगी



२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबर रोजी, सोमवारी झाली. त्याच आठवड्यातील गुरुवारी इशाची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्या जवळा बाजारातील एका घरचा धाकटा मुलगा आला आणि वहीचे फाडलेले एक पान माझ्या हाती देऊन पावसात पळाला. पान त्याच्या थोरल्या बहिणीचे होते. ती रोज बसने वसमतला जाते; तेथील एका खाजगी दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीवर तिची नोकरी आहे. तिने लिहिले होते : "मौलाना, अस्सलामु अलैकुम. दवाखान्यात उद्या हिरवा रंग आहे. त्याला अब्बांची हरकत नाही. रविवारी नारंगी आहे. त्याला आहे. मी काय करू?"

नवरात्रातील नऊ रंगांचा हा प्रघात आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारंगी. उरलेल्या दोन दिवसांना त्या वर्षी मोरपंखी आणि गुलाबी. बँकेत, शाळेत, कचेरीत, दवाखान्यात स्त्रिया त्या त्या दिवशी त्या त्या रंगाचा पोशाख करून येतात, एकत्र छायाचित्र काढतात आणि ते वर्तमानपत्रात छापून येते किंवा मोबाइलवर फिरते. आपल्या घरातील मुली नोकरीस जात नव्हत्या तोवर या गोष्टीशी आपला संबंध रस्त्यावरून पाहण्यापुरता होता. आता आपल्या मुली अंगणवाडीत आहेत, औषधांच्या दुकानांत आहेत, पतसंस्थांत आहेत. रंगांची यादी त्यांच्याही मोबाइलवर येते. दरवर्षी या नऊ दिवसांत कुठल्या ना कुठल्या घरात यावरून वाद होतो. क्वचित तो वाद मशिदीपर्यंत पोहोचतो.

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, इमामतीच्या सुरुवातीच्या काळात, मी जुम्याच्या बयानात या रंगांवर बोललो होतो. मदरशातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. आवाजात जोर होता, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या की तो आणखी चढत असे. हे रंग म्हणजे शिर्कचा उंबरठा आहे, ज्या घरातील मुलगी ते घालते त्या घराच्या ईमानाची मला काळजी वाटते, असे मी म्हणालो. जमातमध्ये एका मुलीचा भाऊ बसलेला होता. ती मुलगी एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवीत असे. दुसऱ्या दिवसापासून तिचे शाळेत जाणे बंद झाले. मला हे कित्येक महिन्यांनी कळले. आता ती घरी शिलाई करते, आणि नवरात्र आले की गल्लीतल्या हिंदू बायका आपापल्या रंगांचे ब्लाउज शिवायला तिच्याकडेच टाकतात.

म्हणून या वेळी चिठ्ठी हाती आली तेव्हा मी लगेच उत्तर लिहिले नाही. सबंध रात्र ते पान उशाशी होते. त्यातील एका गोष्टीने मला अडवून धरले होते. हिरव्याला हरकत नाही आणि नारंगीला आहे, हे कसे?

हरकत जर अशी असेल की ही दुसऱ्या समाजाच्या सणातील गोष्ट आहे आणि तिचे अनुकरण नको, तर शुक्रवारचा हिरवा हा रविवारच्या नारंगीइतकाच त्या सणातला आहे. यादी एक, दवाखाना एक, छायाचित्र काढणारी बाई एक. मग हिरवा सुटला कसा? उत्तर आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ते मोठ्याने म्हणत नाही. हिरवा आपला वाटतो आणि नारंगी त्यांचा वाटतो. म्हणजे आपण शरीयतच्या तराजूने तोलतच नव्हतो; आपण झेंड्यांच्या काठीने मोजत होतो. मुलीचे वडील आडत बाजारात हमाली करतात, पाच वेळच्या नमाजचे पाबंद आहेत, मनाने सरळ आहेत. दुसऱ्या दिवशी भेटलो तेव्हा त्यांनीच ते स्पष्ट बोलून दाखवले. "मौलाना साब, हिरव्याला कोणी विचारणार नाही. नारंगी दिसला की आपलेच विचारतील." आमचे बोलणे अर्थातच दखनीत झाले, येथे मराठीत देतो आहे.

हिरवा आपला, हे तरी कोणी ठरवले? मराठी वधूच्या हातात हिरवा चुडा असतो. आपल्या मराठवाड्याच्या खेड्यांतून मुसलमान नवरीच्या हातातही तो असतो. कुरआनात स्वर्गातील लोकांच्या हिरव्या रेशमी वस्त्रांचा उल्लेख सूरह कहफ व सूरह दहर येथे आला आहे, हे खरे. परंतु हिरवा मुसलमानांचा आणि बाकीचे रंग इतरांचे, अशी वाटणी कुरआनात नाही, हदीसमध्येही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पांढऱ्या वस्त्रांची शिफारस केली. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांनी त्यांना लाल हुल्ल्यात पाहिले आणि त्याहून सुंदर काही पाहिले नाही असे सांगितले. हजरत अबू रिमसा (रजि.) यांनी त्यांना दोन हिरव्या वस्त्रांत पाहिले. मक्का विजयाच्या दिवशी त्यांच्या मस्तकी काळा इमामा होता. एकाच पवित्र देहावर एवढे रंग शोभले.

आणि नारंगी? येथे मला आपल्या शेताकडे वळावेसे वाटते. हदीसच्या ग्रंथांत 'मुअस्फर' नावाच्या वस्त्रांचा उल्लेख वारंवार येतो. उस्फुर नावाच्या फुलांत रंगवलेले ते मुअस्फर. मदरशात हा शब्द शिकलो तेव्हा ते अरबस्तानातील कुठले तरी दूरचे झाड असावे असे मनात होते. पुढे कळले की उस्फुर म्हणजे आपली करडई! परभणी-हिंगोलीच्या काळ्या रानात रब्बीला उभी असते ती. जिच्या काट्यांनी लहानपणी आपल्या पोटऱ्या ओरबाडल्या आहेत आणि जिचे तेल आपल्या फोडणीत असते. त्या फुलांतून तांबूस-नारंगी रंग निघतो. प्रेषितांनी (स.) पुरुषांना हा रंग वापरण्यापासून रोखले, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. स्त्रियांना मात्र ही मनाई लागू नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी हजच्या प्रकरणात नोंदवले आहे की मोमिनांच्या माता हजरत आयेशा (रजि.) यांनी एहरामच्या स्थितीतही मुअस्फर वस्त्रे परिधान केली. आपण हनफी आहोत, तर 'दुर्रे मुख्तार'मध्येही केशर व करडईच्या रंगाची नापसंती पुरुषांपुरती सांगितली आहे. म्हणजे त्या मुलीचे वडील ज्या रंगाला अडवीत होते, तोच रंग उम्मतच्या मातेच्या अंगावर काबाच्या यात्रेत होता. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "करडईचा?"

तेव्हा रंगाचा प्रश्न येथे मिटतो. पण प्रश्न नुसत्या रंगाचा नाही, तो त्या दिवसाचा आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच म्हणेल. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेली प्रसिद्ध हदीस सर्वांच्या ओठावर असते. तिचा आशय असा की जो एखाद्या समाजाशी साधर्म्य धारण करतो तो त्यांच्यातलाच ठरतो. या साधर्म्याला 'तशब्बुह' म्हणतात. मीही त्या बयानात हीच हदीस वाचली होती, आणि तिच्यावर आपल्या विद्वानांनी जे शेकडो वर्षे चिंतन केले त्यातील एक ओळही सांगितली नव्हती.

ते चिंतन थोडक्यात पाहू. इमाम अबू यूसुफ (रह.) हे आपल्या मजहबचे दुसरे इमाम, अब्बासी खिलाफतचे मुख्य काजी. त्यांच्या पायात एकदा लोखंडी खिळे मारलेल्या वहाणा होत्या. हिशाम यांनी विचारले, या लोखंडात काही वावगे दिसते का? ते म्हणाले, नाही. हिशाम म्हणाले, सुफियान आणि सौर बिन यजीद तर हे नापसंत करतात, कारण त्यात ख्रिस्ती संन्याशांचे साधर्म्य आहे. इमाम अबू यूसुफ यांनी उत्तर दिले की अल्लाहचे प्रेषित (स.) केस असलेल्या कातड्याच्या वहाणा घालीत, आणि त्याही संन्याशांच्याच वापरातल्या होत्या. अल्लामा इब्ने आबिदीन (रह.) यांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. त्याच चर्चेत 'अल-बहरुर राइक'मधील नियम येतो : साधर्म्य प्रत्येक गोष्टीत नापसंत नाही, जी गोष्ट मुळातच निंद्य आहे तिच्यात, आणि जेथे साधर्म्य साधण्याचाच हेतू आहे तेथे, ते नापसंत आहे.

याहून ठळक उदाहरण तबूकच्या प्रवासाचे आहे. हिजरी ९ मधली ती मोहीम रोमन साम्राज्याच्या सीमेकडे निघाली होती. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) सांगतात की वाटेत प्रेषितांनी (स.) वुजू केले तेव्हा त्यांच्या अंगात सीरियाकडचा, लोकरीचा, अरुंद बाह्यांचा जुब्बा होता. बाह्या इतक्या अरुंद की वर सरकेनात. शेवटी त्यांनी हात जुब्ब्याच्या खालून बाहेर काढून धुतले. तिर्मिजीच्या वर्णनात तर त्याला रूमी जुब्बाच म्हटले आहे. सामना रोमनांशी आणि अंगावर त्यांच्याच मुलखातील शिलाई! कापड, काट, शिलाई ही शत्रूच्या देशातून आली म्हणून ती शत्रूची होत नाही.

पदवीसाठी मराठी शिकताना एक सवय लागली, दोन शब्दांतला फरक शोधण्याची. येथे ती उपयोगी पडते. आपले विद्वान 'शिआर' आणि 'आदत' असे दोन शब्द वापरतात. मराठीत मी एकाला 'धर्मचिन्ह' म्हणेन आणि दुसऱ्याला 'प्रघात'. गळ्यातील क्रूस, कपाळीचा टिळा, यज्ञोपवीत ही धर्मचिन्हे आहेत. ती धारण करणारा स्वतःविषयी काही सांगत असतो. मुसलमानाने ती धारण करणे उघड उघड निषिद्ध आहे. प्रघात तसा नसतो. तो कुठून तरी निघतो, पसरतो, आणि पसरता पसरता कोणा एकाचा राहत नाही.

मग नऊ रंग हे धर्मचिन्ह आहे की प्रघात? याचे उत्तर कल्पनेने देता येणार नाही, माहिती काढावी लागेल. माहिती अशी की हा प्रकार साधारण वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या 'महाराष्ट्र टाइम्स' या वृत्तपत्राने लोकप्रिय केला. रोजचा रंग छापायचा, वाचक स्त्रियांची छायाचित्रे मागवायची आणि प्रसिद्ध करायची. लोकलच्या डब्यांतून आणि कचेऱ्यांतून तो वाढला आणि गावोगाव आला. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे की या रंगांना हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही. ते वारांवरून ठरतात. म्हणून तर दरवर्षी शुक्रवारी हिरवाच असतो आणि रविवारी नारंगीच. ज्या गोष्टीला त्या धर्माचे जाणकार आपले धर्मचिन्ह मानत नाहीत, तिला मी मिंबरवरून ती पदवी बहाल केली होती.

वस्त्राला नसलेले धर्मपण चिकटवले की काय होते याचा एक धडा तुर्कस्तानात आहे. उस्मानी सुलतान महमूद दुसरा याने १८२९ साली सरकारी नोकरांसाठी फेज टोपी ठरवून दिली. आपण तिला रुमी टोपी म्हणतो; निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील हिंदू वकील नि अधिकारीही शेरवानीबरोबर ती घालीत. ती हुकमाने आली, आणि शंभर वर्षे होण्याआधीच इस्लामची निशाणी मानली जाऊ लागली. १९२५ मध्ये मुस्तफा कमाल यांच्या सरकारने कायदा करून तिच्यावर बंदी आणली आणि विलायती हॅट सक्तीची केली. आतिफ होजा नावाच्या एका आलिमने त्याआधीच, १९२४ मध्ये, युरोपीयांच्या अनुकरणाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली होती. त्यांना फेब्रुवारी १९२६ मध्ये फाशी देण्यात आले. हुकमाने डोक्यावर आलेली टोपी, हुकमाने उतरवलेली टोपी, आणि मध्ये एका माणसाचा जीव. त्या पुस्तिकेच्या विषयाशी मी पुष्कळसा सहमत असेन. पण कपड्याच्या बाबतीत सत्ता कोणाच्या हाती दिली जाते याचे भय त्या हकिगतीने माझ्या मनात कायमचे घातले आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती दुबळी नाही. इस्लामने आपल्या अनुयायांना वेगळेपण दिले आहे, आणि ते जपायला सांगितले आहे. आशूराच्या रोजाबरोबर आणखी एक रोजा जोडण्याची इच्छा प्रेषितांनी (स.) व्यक्त केली, ती याच वेगळेपणासाठी. शिवाय अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे, जी या विषयातील सर्वांत बळकट आधार म्हणून पुढे केली जाते. एका माणसाने बुवाना नावाच्या ठिकाणी उंट जिबह करण्याचा नवस केला होता. तो प्रेषितांकडे (स.) आला. त्यांनी विचारले की अज्ञानकाळात तेथे कुठल्या मूर्तीची पूजा होत होती का? लोक म्हणाले, नाही. त्यांनी पुन्हा विचारले की तेथे त्यांचा एखादा सण भरत होता का? लोक म्हणाले, नाही. तेव्हा त्यांनी नवस पुरा करण्यास सांगितले. यावरून विद्वान म्हणतात की पूजेचाच नव्हे तर सणाचा संबंधही विचारात घेतला गेला. म्हणून ज्या गोष्टीच्या नावातच नवरात्र आहे तिच्यापासून दूर राहणे अधिक सुरक्षित. या मताचे अनेक मुफ्ती आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला लवभरही शंका नाही. एखादी भगिनी त्यांच्या मतानुसार नऊही दिवस आपला नेहमीचा पोशाख घालत असेल तर ती उत्तम करते.

माझे मत थोडे वेगळे आहे. ती हदीस एका उपासनेविषयी, कुर्बानीविषयी आहे. उपासनेची जागा आणि नोकरीवरची ओढणी यांना एकच नियम सरसकट लावता येत नाही. पण खरे सांगायचे तर त्या रात्री मी ती हदीस वाचताना तिच्यातील निर्णयापाशी थांबलोच नाही. थांबलो ते त्या दोन प्रश्नांपाशी. ज्यांच्यावर वही उतरत होती, त्यांनी निर्णय देण्यापूर्वी विचारले. एकदा विचारले, उत्तर ऐकले, आणि पुन्हा विचारले. आणि मी, एक गावातला इमाम, न विचारता बोललो होतो.

म्हणून शुक्रवारी पहाटे मी त्या मुलीला उत्तराऐवजी प्रश्न पाठवले. रंग सक्तीचा आहे का? छायाचित्र कुठे काढतात, घटासमोर की बाहेर? त्या वेळी आरती, ओवाळणी, प्रसाद असे काही असते का? कोणता रंग घातल्याने शुभ होते वा बला टळते असे तुझ्या मनात आहे का? आणि शेवटचा, तुला तो का घालायचा आहे?

शेवटून दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वार आणि रंग यांचा संबंध ज्योतिषातून, ग्रहांच्या समजुतीतून आला आहे. घालणाऱ्या बहुतेक स्त्रियांना त्याचे काही देणेघेणे नसते, त्यांना मैत्रिणींबरोबर सारखे दिसायचे असते. पण रंगात लाभ-हानीची शक्ती आहे असे कोणी मानत असेल तर तेथे तशब्बुहचा प्रश्नच उरत नाही, थेट अकीदाचा प्रश्न उभा राहतो. प्रेषितांनी (स.) शकुन-अपशकुन मानणे हे शिर्क ठरवले आहे. आणि या कसोटीवर आपण आपल्याकडेही पाहावे. मुहर्रमच्या दिवसांत लग्न नको म्हणणारे, सफरचे पहिले तेरा दिवस जड मानणारे, नव्या गाडीला काळा दोरा बांधणारे आपल्याच घरांत आहेत. त्यांच्यावर मी तेवढ्या जोराने कधी बोललो होतो, हे मला आठवत नाही.

मुलीचे उत्तर शनिवारी आले. रंग सक्तीचा नाही. छायाचित्र दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढतात. घट डॉक्टरांच्या घरी असतो, दवाखान्यात नाही. मात्र खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि सर्वांना बोलावतात. शुभ-अशुभाचे तिच्या मनात काही नाही. शेवटच्या प्रश्नाला तिने लिहिले : "गेल्या वर्षी मी एकटीच वेगळी होते. कोणी काही बोलले नाही, पण खिडकीशी येणारे बघत होते. आणि मौलाना, मला तो रंग आवडतो."

हे शेवटचे वाक्य लिहायला तिला धैर्य लागले असेल. अल्लाहने सूरह आराफमध्ये आदमच्या संततीला उद्देशून सांगितले आहे की वस्त्र लज्जारक्षणासाठी आणि शोभेसाठी उतरवले आहे, आणि सर्वोत्तम वस्त्र ईशपरायणतेचे आहे. शोभेचा उल्लेख तेथे स्पष्ट आहे. पुढे त्याच सूरहमध्ये अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणाऱ्यांना जाब विचारला आहे. रंग आवडणे हा गुन्हा असता तर ही आयत कोणासाठी उतरली?

मी मुफ्ती नाही; फतवा हवा असेल त्याने दारुल इफ्ताकडे लिहावे. मी त्या मुलीला जे कळवले ते येथे देतो. घालावेसे वाटले तर घाल, न घालावेसे वाटले तर घालू नकोस. दोन्हींत तुझ्या ईमानाला बाधा नाही. घालशील तर नेहमी जसा सैल आणि अंग झाकणारा पोशाख असतो तसाच असू दे. रंगासाठी पर्दा ढळू देऊ नकोस. घरात जे आहे त्यातले घाल, या रंगांसाठी एक रुपयाचेही कापड घेऊ नकोस. पायऱ्यांवरच्या छायाचित्रात उभे राहणे आणि पूजेत उभे राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खंडेनवमीला नम्रपणे सांग की आमच्या धर्मात हे नाही, मी खिडकी सांभाळते. सूरह मुम्तहिना आपल्याशी न लढणाऱ्यांशी सद्वर्तन आणि न्याय करण्यापासून आपल्याला रोखत नाही. पूजेला नकार देतानाही तोंडातून गोड शब्दच निघाला पाहिजे.

कापड घेऊ नकोस हे मी मुद्दाम लिहिले. सूरह आराफमध्येच उधळपट्टी न करण्याची ताकीद आहे. त्या २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याचे सोयाबीन पाण्यात गेले. बांधावर उभे राहून रडणारी माणसे आपण पाहिली आहेत. अशा दिवसांत नऊ दिवसांसाठी नऊ जोड घेणारी स्त्री कोणत्याही धर्माची असो, तिच्याविषयी मला वाईट वाटते. ईदला आपल्याकडे जे चालते तेही याच मापाने मोजावे लागेल, हे वेगळे सांगायला नको. आणि हदीसमध्ये ज्या प्रसिद्धीच्या पोशाखाची निंदा आली आहे, लोकांनी वळून पाहावे म्हणून घातलेला तो, त्याचा दोष एखाद्या काळ्या जुब्ब्यालाही लागू शकतो आणि एखाद्या नारंगी ओढणीलाही.

वडिलांना मी वेगळे भेटलो. त्यांची भीती खरी होती, ती झटकून टाकण्यासारखी नव्हती. लोक बोलतात. त्यांना मी एवढेच म्हटले, "चाचा, हिजाबच्या खटल्यात आपण काय मागत होतो? कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये आपल्या मुलींच्या विरोधात निकाल दिला, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. आपण म्हणत होतो की मुलीने काय घालावे हे सरकारने ठरवू नये, तिच्या श्रद्धेने ठरवावे. ते म्हणणे आपल्या उंबरठ्याच्या आतही खरे असले पाहिजे." त्यांना हे पटले की नाही, कळले नाही. जाताना त्यांनी विचारले की पावसाने वसमतची बस बंद पडली तर मुलीने रात्री यायचे कसे. बापाची काळजी बहुधा तिथेच होती.

रविवारी तिने अम्मीची जुनी नारंगी ओढणी घेतली, नेहमीच्या पांढऱ्या ड्रेसवर. खंडेनवमीला पूजेच्या वेळी ती खिडकीवर बसून राहिली. डॉक्टरीणबाईंनी पूजा झाल्यावर तिला विचारले की पेढा चालेल का, बाजारातून आणलेला, पूजेत न ठेवलेला एक डबा वेगळा काढला आहे. हे तिने चिठ्ठीत लिहून कळवले.

ती चिठ्ठी खिशात घेऊन मी दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी त्या शिलाई करणाऱ्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई, भाऊ घरीच होते. त्यांच्यासमोर मी तिला सांगितले की त्या वर्षीच्या बयानात मी चुकलो होतो, पुरती माहिती न घेता बोललो होतो, आणि त्याची किंमत तिने मोजली. भाऊ खाली बघत राहिला. मुलगी मशीनवर काम करीत होती, तिने पाय थांबवला.

ती म्हणाली, "मौलाना, आमच्या शाळेत बाईंना गणवेशाची साडी होती. रोज एकच. नऊ रंग आमच्याकडे नव्हतेच."